जूनच्या आधी: धान्य बँकेसाठी दुकानाची तयारी

गरजू घरांना मोफत किराणा देणाऱ्या धान्य बँकेला मदत करायचं मनात असेल, तर तयारी मे महिन्यातच करा. दिवाळीत द्यायला सगळेच येतात, खोकी ठेवायला जागा उरत नाही. खरी ओढाताण जून-जुलैत असते. पाऊस लागला की बांधकामं थंडावतात, सकाळी नाक्यावर उभं राहूनही काम मिळत नाही. त्यातच शाळा उघडतात आणि हातातले पैसे वह्या-गणवेशात जातात. माझं ठाण्यात किराणा दुकान आहे. उधारीची वही याच दोन महिन्यांत भराभर भरते. म्हणून सगळ्यात आधी आकडा ठरवा, आणि तो दर महिन्याला झेपेल असाच ठरवा. महिन्याला दहा किलो डाळ नक्की येणार हे माहीत असलं, की आणखी किती घरांना हो म्हणायचं ते बँक चालवणाऱ्यांना ठरवता येतं. वर्षातून एकदा आलेल्या शंभर किलोवर ते ठरत नाही.

माल काढण्याआधी एकदा तिथे जाऊन विचारून या. आमच्या वॉर्डात तांदळाची थप्पी लागली होती आणि डाळ-तेलाचं फडताळ रिकामं होतं. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात बसणाऱ्या बहुतेक घरांना रेशनवर माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं, तेही सध्या मोफत. तूरडाळ, तेल, साखर, चहा, हळद-तिखट मात्र विकतच आणावं लागतं. ज्यांचं कार्ड गावाकडे आहे, त्यांना 'एक देश, एक रेशन कार्ड'खाली इथल्या दुकानातूनही धान्य उचलता येतं. माझ्या गिऱ्हाइकांपैकी कितीतरी जणांना हे ठाऊक नव्हतं. काउंटरवर बसल्या बसल्या एवढं सांगणं कुणालाही जमेल.

डाळ निवडताना गॅसचा विचार करा. एका वर्षी मी मोठ्या उत्साहाने राजमा आणि छोले दिले. पुढच्या आठवड्यात एक ताई पिशवी तशीच घेऊन आल्या. "भाऊ, हे शिजेपर्यंत माझा सिलिंडर संपतो. मूगडाळ असेल तर बदलून द्या." त्यांच्याकडे पाच किलोचा छोटा सिलिंडर होता. तेव्हापासून मी मूग, मसूर आणि तूरच देतो.

पाकिटांवरच्या तारखा स्वतः वाचा, पोऱ्यावर सोपवू नका. माझ्या डोळ्यांसमोर सात-आठ वर्षांच्या एका मुलीने बिस्किटाचा पुडा उलटा करून आईला वाचून दाखवलं, "आई, ही तारीख तर गेली." आई काही बोलली नाही, पुडा पिशवीत टाकला. तो चेहरा माझ्या मनातून जात नाही. निदान दीड महिना मुदत शिल्लक असलेलाच माल द्यायचा, हा तेव्हापासूनचा आमचा नियम आहे. मुदत संपलेला माल विकता येत नाही, तसा देताही येत नाही.

पावसाळ्यात पीठ लवकर खराब होतं, अळ्या पडतात. पीठ द्यायचंच असेल तर ताजं, पाच किलोच्या बंद पिशवीत द्या. त्यापेक्षा शेजारच्या गिरणीवाल्याला सोबत घ्या. रेशनचा गहू घरात असतो, दळणाला पैसे नसतात. त्याने महिन्याला वीस दळणांची कुपनं दिली तरी वीस घरांत पोळ्या होतात. तेल एक लिटरच्या सीलबंद पाऊचमध्येच द्या. गोण्या जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा.

गाडीचा वेगळा खर्च लागत नाही. वाशीच्या दाणाबंदरातून, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारातून, ठाण्याला माल येतोच. आमचा टेम्पोवाला मंगळवारी बँकेसाठी दोन कट्टे जास्त चढवतो आणि वाटेत उतरवतो. ज्याच्याकडे धान्य नाही, त्याने जागा द्यावी किंवा वजनकाटा द्यावा. छापखानेवाला लेबलं देऊ शकतो, ऑफिसवाल्यांनी हिशेबाला एक माणूस दिला तरी पुरे.

हॉटेल आणि केटरिंगवाल्यांचं गणित वेगळं आहे, तिथे घाई करू नका. उरलेल्या अन्नासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे (एफएसएसएआय) २०१९चे नियम आहेत, ते आधी वाचा. वाढलेल्या ताटातलं काही द्यायचं नाही, पातेल्यातलंच द्यायचं. गरम अन्न ६० अंशांच्या वर, थंड ५ अंशांच्या खाली राहिलं पाहिजे. डब्यावर पदार्थाचं नाव, तो केल्याची वेळ आणि शाकाहारी की मांसाहारी हे लिहा. न्यायला येणारा माणूस नक्की असेल तेव्हाच हो म्हणा.

सीएला एक फोन करून ठेवा. मोफत दिलेल्या मालावर घेतलेलं जीएसटीचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) परत फिरवावं लागतं, आणि वस्तूरूपातल्या दानावर प्राप्तिकरात सवलत मिळत नाही. हे मार्चमध्ये कळण्यापेक्षा आधीच माहीत असलेलं बरं.

पिशवी देताना फोटो काढू नका, दुकानाचं नाव छापलेली पिशवीही नको. साधी कापडी पिशवी चालते. घेणारी बाई उद्या तुमच्याच दुकानात मीठ घ्यायला येणार आहे, तेव्हा तिला मान खाली घालावी लागू नये.

आता माल देण्याची तारीख ठरवा. आमची दुसऱ्या शनिवारची आहे, दुपारी दोन ते चार, दुकान बंद असतं तेव्हा. मी गावी गेलो तर कट्टे कोण उतरवून घेणार, त्याचं नाव आणि नंबर गल्ल्याशेजारी भिंतीवर चिकटवलेला आहे.