सबसिडीसाठी अर्ज करताय? ठाणे-नवी मुंबईकरांनो, या चुका टाळा

"सरकार ३५ टक्के देतंय म्हणे!" बहुतेकांची सुरुवात इथून होते आणि पुढचा निम्मा घोळही इथूनच होतो. सरकार देतं, पण कर्जाच्या मागोमाग. केंद्राचा पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम (सगळे पीएमईजीपीच म्हणतात) असो की राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम, आधी बँकेचं कर्ज मंजूर व्हायला हवं, मग अनुदान. जिल्हा उद्योग केंद्र अर्ज तपासून पुढे पाठवतं. कर्ज द्यायचं की नाही हे बँक ठरवते. मुद्रा तर नुसतं कर्जच आहे. तारण लागत नाही, पण त्यात सबसिडीचा एक रुपया नाही.

सबसिडीतून हप्ते भरायचं गणित

घणसोलीतल्या एखाद्या ताईंनी पीएमईजीपीतून १० लाखांचा मसाल्याचा उद्योग टाकायचा ठरवला असं धरू. महिला विशेष प्रवर्गात येतात, म्हणून स्वतःचे ५ टक्के, म्हणजे ५० हजार घालायचे. बँकेचे साडेनऊ लाख. शहरी भागात २५ टक्के, म्हणजे अडीच लाख अनुदान. हे अडीच लाख ताईंच्या हातात येत नाहीत. ते बँकेत ३ वर्षं ठेव म्हणून अडकून राहतात. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही आणि कर्जाच्या तेवढ्या भागावर व्याज लागतही नाही. उद्योग चालू असल्याची पडताळणी झाली की ती रक्कम कर्जात वळती होते. मध्येच शटर ओढलं तर सरकारजमा. सर्वसाधारण प्रवर्गातल्या पुरुषाला याच प्रकल्पात स्वतःचे १ लाख घालावे लागतात आणि अनुदान दीड लाखच.

'गावात राहतो' म्हणून ग्रामीण

ते ३५ टक्के विशेष प्रवर्गाला, तेही ग्रामीण भागातच. घणसोली गाव, कोपरखैरणे गाव, दिवा गाव. नावात गाव असलं, घर गावठाणात असलं, तरी हद्द महापालिकेची. म्हणजे शहरी दर. शहापूर-मुरबाडकडच्या ग्रामपंचायतीत खरंच युनिट टाकणार असाल तर गोष्ट वेगळी. पण १० टक्के जास्त मिळावेत म्हणून मेव्हण्याचा मुरबाडचा पत्ता टाकायचा आणि मशीन ऐरोलीत बसवायची, हा शहाणपणा करू नका. पडताळणीला माणूस प्रत्यक्ष जागेवर येतो.

नवी मुंबईकरांचा आणखी एक घोटाळा जिल्ह्याचा. बेलापूर ठाणे जिल्ह्यात, आणि लोकलने पुढच्याच स्टेशनवरचं खारघर रायगडात. खारघर, कामोठे, कळंबोली हा पट्टा पनवेल महापालिकेचा. त्यांचं जिल्हा उद्योग केंद्र अलिबागला. फॉर्ममध्ये सवयीने 'ठाणे' टाकलं की अर्ज भलत्याच टेबलावर जातो.

बँकेचंही तसंच. पगाराचं खातं ठाणे स्टेशनजवळच्या शाखेत आहे म्हणून तीच शाखा निवडली आणि गाळा तुर्भ्यात, तर 'सेवाक्षेत्राबाहेर' असा शेरा मारून अर्ज परत. गाळ्याजवळच्या शाखेत आधी एकदा जाऊन बोला. पाच मिनिटांच्या बोलण्यातच साहेबांचा कल कळतो.

आधी मशीन, मग अर्ज

पीएमईजीपीचं पहिलं कर्ज आणि अनुदान फक्त नव्या उद्योगाला आहे. मंजुरीआधी उसनवारी करून पल्व्हरायझर (मसाले दळायचं मशीन) आणला, बिलं फाडली आणि मग 'एवढं तरी धरा' म्हणून बसलं, तर कोणी धरत नाही. क्रम असा: अर्ज, मंजुरी, प्रशिक्षण, कर्ज आणि मग खरेदी. नवरा-बायको दोघांनी वेगवेगळे अर्ज करूनही उपयोग नाही, लाभ एकालाच.

आणि उद्योग आधीपासून चालू असेल तर तो लपवू नका. पापड, लोणची, फरसाण, मसाले असं काही असेल तर अन्न प्रक्रियेची केंद्राची योजना आहे, पीएमएफएमई. ती चालू उद्योगांनाही आहे: ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख. अर्ज भरायला जिल्हा संसाधन व्यक्ती मदत करतात, त्यांचं मानधन सरकार देतं. माझ्या मते घरगुती खाद्यपदार्थवाल्यांनी आधी हीच पाहावी.

सायबर कॅफेतला प्रोजेक्ट रिपोर्ट

बँकेत सगळ्यात जास्त अर्ज इथे आपटतात, असं मला वाटतं. पाचशे रुपयांत नाव बदलून मिळालेला रिपोर्ट. त्यात तुर्भ्यातल्या गाळ्याचं भाडं महिना ३ हजार, कच्चा माल 'स्थानिक बाजारातून', आणि विक्री पहिल्याच महिन्यापासून पूर्ण क्षमतेने. मिरची वाशीच्या एपीएमसीतून घेणार ना? मग तिथला भाव लिहा. महिन्याला किती किलो दळणार, कोण घेणार, पावसाळ्यात काय, हे लिहा. कोटेशनवर पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक हवा. मशीनला थ्री-फेज लागत असेल तर गाळ्यात तेवढा वीजभार आहे का ते बिलावर बघा. जागेची किंमत प्रकल्पखर्चात धरता येत नाही. तयार शेडचं भाडं धरता येतं, पण जास्तीत जास्त ३ वर्षांचं. आणि हे आकडे स्वतःला तोंडपाठ हवेत. मॅनेजरने भाडं विचारल्यावर एजंटकडे बघणाऱ्याला कर्ज कोण देईल?

एजंटवरून आठवलं. उद्यम नोंदणीला शुल्क नाही. 'उद्यम' नाव लावून हजार-दोन हजार उकळणाऱ्या खासगी वेबसाइटी ढीगभर आहेत; पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' नसेल तर बंद करा. पीएमईजीपीचा अर्जही फुकट. 'साहेबांना द्यावे लागतात' म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा.

सिबिल, म्हणजे तुमच्या कर्जफेडीची नोंद, अर्जाआधी काढून पाहा. मोबाइलचे थकलेले हप्ते, क्रेडिट कार्डाचं 'सेटलमेंट', मित्राला राहिलेला जामीन, सगळं तिथे दिसतं.

अर्ज नामंजूर झालाच तर आधी पोर्टलवरचा शेरा वाचा. 'सेवाक्षेत्र' असेल तर शाखा बदलून पुन्हा भरता येतो. 'प्रकल्प व्यवहार्य नाही' असेल तर रिपोर्ट नव्याने लिहा. आणि शेरा सिबिलचा असेल तर आधी थकबाकी भरून, बँकेकडून नो-ड्यूज (काही बाकी नसल्याचा दाखला) घेऊन, नोंद सुधारल्यावरच नवा अर्ज करा.