रोजच्या वापरासाठी पिकअप निवडताना: आधी रिकाम्या हौद्याचा हिशेब

पिकअप निवडताना बहुतेकांच्या डोळ्यांसमोर वर्षातला सगळ्यात जड दिवस असतो. घर हलवायचंय, ट्रेलर ओढायचाय, चिखलातून जायचंय. त्या दिवसासाठी घेतलेली गाडी मग उरलेलं वर्षभर रिकामा हौदा घेऊन कामावर जाते-येते आणि इंधन मात्र जड दिवसाच्या हिशेबानेच पिते. ॲव्हरेज हवं असेल तर सुरुवात उलट बाजूने करायला हवी: आधी रोजचा दिवस, मग जड दिवस.

गाड्या बघायला जाण्याआधी चार आठवडे एका वहीत नोंद ठेवा. रोज किती किलोमीटर, त्यातले शहरातले किती आणि महामार्गावरचे किती, एका फेरीची लांबी किती, गाडीत माणसं किती, सर्वांत जड सामान किती किलोचं आणि सर्वांत लांब वस्तू किती फुटांची. फेरीची लांबी कुणी लिहीत नाही, पण डिझेल घ्यायचं की नाही हे तिच्यावरच ठरतं. जड कामाची वेळ वर्षातून पाच-सहा वेळाच येत असेल तर त्या दिवसांपुरती मोठी गाडी भाड्याने आणा आणि रोजची गाडी लहान घ्या.

चेसी की मोनोकॉक

पिकअपचे मुळात दोन प्रकार. पहिल्यात शिडीसारखी लोखंडी चेसी असते आणि तिच्यावर केबिन व हौदा वेगवेगळे बसवलेले असतात. टोयोटा हायलक्स, इसुझू डी-मॅक्स, फोर्ड रेंजर या सगळ्या अशाच. दुसऱ्यात, म्हणजे मोनोकॉकमध्ये, कारसारखीच सांगाड्यासकट एकसंध बॉडी असते: फोर्ड मॅव्हरिक, ह्युंदाई सांता क्रूझ, होंडा रिजलाइन.

चेसीची गाडी जास्त ओझं आणि जड ट्रेलर पेलते, खड्ड्यांत पिळवटली तरी टिकते. पण ती जड असते आणि मागे बहुधा पाटे (लीफ स्प्रिंग) असतात. पाटे भरलेल्या हौद्यासाठी बनवलेले असल्यामुळे रिकाम्या गाडीची मागची बाजू उडते, आणि ओल्या रस्त्यावर वळणात ॲक्सिलरेटर दाबला तर मागची चाकं सुटू पाहतात. निसान नवाराच्या डबल कॅबमध्ये (मागेही पूर्ण सीट असलेल्या केबिनच्या गाडीत) २०१५च्या सुमारास मागे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग आले, ते या त्रासावरचाच उपाय म्हणून. एकसंध बॉडीची गाडी कारसारखी चालते, वळते आणि थांबते.

फक्त बॉडी एकसंध आहे म्हणून ॲव्हरेज चांगलं मिळेल असं मात्र धरू नका. २०२२ची रिजलाइन अमेरिकी सरकारी चाचणीत मिश्र वापरात गॅलनला २१ मैल देते, म्हणजे लिटरला साधारण ८.९ किलोमीटर. त्याच वर्षीची २.७ लिटर टर्बो इंजिनाची, दोन चाकांना ताकद देणारी आणि चेसीवर बांधलेली मोठी फोर्ड एफ-१५० त्याच चाचणीत २२ मैल देते. याउलट त्याच वर्षीची मॅव्हरिक हायब्रिड ३७ मैलांवर जाते, म्हणजे लिटरला १५.७ किलोमीटर. रिजलाइनमध्ये साडेतीन लिटरचं व्ही-६ इंजिन आणि चारही चाकांना ताकद आहे, मॅव्हरिकमध्ये अडीच लिटरचं चार सिलिंडरचं हायब्रिड आणि पुढच्या चाकांना ताकद. फरक तिथे पडतो.

किती ओझं, हे स्वतः मांडा

जाहिरातीतला भारक्षमतेचा आकडा हौद्यात टाकायच्या सामानाचा नसतो. गाडीच्या कमाल परवानगीच्या वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की तो येतो, आणि माणसं, टपावरचा कॅरिअर, हौद्यावरचं झाकण, गार्ड, ट्रेलरचा हुक हे सगळं त्यातूनच जातं.

समजा कमाल वजन ३,१०० किलो आणि रिकाम्या गाडीचं २,१५० किलो. हातात उरले ९५० किलो. पाच माणसं बसली, सरासरी ७५ किलोंनी ३७५ गेले, राहिले ५७५. लोखंडी गार्ड, झाकण, हुक, हौद्याचं अस्तर मिळून १५० किलो, राहिले ४२५. दोन टनांचा ट्रेलर जोडला तर त्याच्या वजनाचा साधारण दहावा भाग, म्हणजे २०० किलो, हुकावर दाबतो. सामानासाठी उरले २२५ किलो. एका टनाची म्हणून घेतलेली गाडी इथवर येते. काही कंपन्या रिकाम्या वजनात ७५ किलोंचा चालक आधीच धरतात, त्यामुळे तांत्रिक तक्त्याची तळटीप वाचा, नाहीतर चालक दोनदा मोजला जाईल.

हाच हिशेब लहान गाडीचा करून पाहा. मॅव्हरिकची भारक्षमता १,५०० पौंड, म्हणजे ६८० किलो. चार माणसं बसूनही ३८० किलो उरतात. रोजच्या हत्यारांच्या पेट्या, बागेची माती, एखादं कपाट एवढंच न्यायचं असेल तर ते पुरून उरतं.

हौद्याची लांबी स्वतः टेपने मोजा. डबल कॅबच्या मध्यम गाड्यांत ती साधारण दीड मीटर असते आणि चाकांवरच्या उंचवट्यांमधली रुंदी बहुधा सव्वा मीटरच्या आत. चार बाय आठ फुटांचा प्लायवूडचा ताव १२२ बाय २४४ सेंटिमीटरचा. तो आडवा सपाट बसत नसेल तर उंचवट्यांवर टेकवून, फाळका उघडून आणि बांधून न्यावा लागेल. मागची सीट क्वचितच भरत असेल तर एक्सटेंडेड कॅब (मागे छोटीच सीट असलेली) बघा. तेवढ्याच लांबीच्या गाडीत हौदा मोठा मिळतो.

इंजिन: रोजची फेरी किती लांब?

इथे घाई करू नका. चुकलेलं इंजिन नंतर बदलता येत नाही.

डिझेलच्या लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण १० ते १५ टक्के जास्त ऊर्जा असते आणि कमी आरपीएमवर टॉर्क (ओढण्याचा जोर) भरपूर मिळतो. लांब पल्ला आणि नेहमीचं ओझं असेल तर डिझेलला तोड नाही. पण आधुनिक डिझेलच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते, डीपीएफ. साठलेली काजळी जाळायला तिथलं तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत न्यावं लागतं, आणि त्यासाठी गाडी एका लयीत १५-२० मिनिटं चालावी लागते. रोजची फेरी चार-पाच किलोमीटरची असेल तर हे जळणं अर्ध्यावर तुटतं. अनेक इंजिनांत काजळी जाळण्यासाठी जास्तीचं डिझेल सिलिंडरमध्ये उशिरा सोडलं जातं. ते भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये मिसळतं, ऑइल पातळ होतं आणि डिपस्टिकवर पातळी कमाल खुणेच्या वर जाते. ऑइल वाढलेलं दिसणं ही आनंदाची गोष्ट नाही. ते तसंच ठेवून चालवलं तर टर्बो आणि बेअरिंग जातात. म्हणून फेऱ्या छोट्या असतील आणि आठवड्यातून एकदाही महामार्गावर अर्धा तास जाणं होत नसेल, तर डिझेल घेऊ नका.

शहरातली रहदारी जास्त असेल तर हायब्रिड. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत जाते आणि सिग्नलला इंजिन बंद राहतं. २०२२च्या मॅव्हरिक हायब्रिडचा शहरातला आकडा ४२ मैल आणि महामार्गावरचा ३३ मैल आहे, साध्या इंजिनाच्या बरोबर उलट. तुमची धाव महामार्गावरच असेल तर हायब्रिडचा फायदा आटतो. इंजिनाला छोट्या मोटरची जोड देणाऱ्या ४८ व्होल्टच्या माइल्ड हायब्रिडकडून फार अपेक्षा ठेवू नका. इंजिन सुरू-बंद होणं गुळगुळीत होतं, बचत थोडकी. प्लग-इन हायब्रिड रोज रात्री चार्जिंगला लावणार असाल तरच घ्या, नाहीतर जड बॅटरी पेट्रोलवर वाहून नेणं होतं.

लहान टर्बो पेट्रोल रिकाम्या गाडीला छान ॲव्हरेज देतं. ओझं आणि चढ आला की टर्बोचा दाब वाढतो, जास्त इंधन सोडावं लागतं आणि ॲव्हरेज झपकन खाली येतं. सतत भरून चालणाऱ्या गाडीला ते नको.

चारही चाकं आणि एक्सलचं गुणोत्तर

पार्ट-टाइम फोर-व्हीलमध्ये, म्हणजे गरजेपुरती चारही चाकांना ताकद देणाऱ्या सोयीत, पुढचे-मागचे एक्सल एकमेकांना जखडले जातात. कोरड्या डांबरी रस्त्यावर ते लावून वळलात तर चाकांच्या वेगातला फरक जायला वाट मिळत नाही, सगळी यंत्रणा पिळली जाते. म्हणजे ही सोय रोजच्या रस्त्यावर वापरताच येत नाही, पण तिचं वजन रोज वाहावं लागतं. चिखल, वाळू, बर्फ यांतून नियमित जाणं नसेल तर दोनच चाकांना ताकद देणारी गाडी आणि चांगले टायर पुरेसे आहेत.

एकाच मॉडेलमध्ये ३.३१, ३.५५, ३.७३ अशी एक्सलची गुणोत्तरं (चाकाच्या एका फेरीमागे इंजिनाकडून येणारा दांडा किती फेरे घेतो) दिसली तर आकडा मोठा तितकं इंजिन त्याच वेगाला जास्त फिरतं: ओढायला सोपं, इंधनाला महाग. ट्रेलर नसेल तर लहान आकडा घ्या. विक्रेते ‘ताकदवान’ म्हणून मोठा सुचवतात.

टायर आणि हवा

शोरूममध्ये जाड खाचांचे ऑल-टेरेन टायर लावलेली आवृत्ती रुबाबदार दिसते. ते टायर जड असतात, रस्त्यावर जास्त अडतात आणि आवाज करतात. डांबरी रस्त्यासाठी हायवे टायरची आवृत्ती मागून घ्या. गाडी उंच करून घेणं, टपावर कायमचा कॅरिअर, पुढे रुंद गार्ड, यातला प्रत्येक हौशी भाग वाऱ्याला अडतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे १०० वरून १२०वर गेलात की ४४ टक्क्यांनी. उंच, चौकोनी पिकअपला हे कारपेक्षा जास्त भोवतं. रोज महामार्गावर असाल तर वेग थोडा आवरणं ही सर्वांत मोठी आणि फुकटची बचत आहे.

फाळका उघडा ठेवला की हवा निसटते आणि ॲव्हरेज वाढतं, ही समजूत सोडून द्या. बंद फाळक्यामुळे हौद्यात हवेचा एक भोवरा अडकून राहतो आणि वरचा प्रवाह त्याच्यावरून सरकून जातो. फाळका उघडला की तो भोवरा मोडतो. हौद्यावर सपाट झाकण लावलं तर थोडा फायदा होतो; फक्त त्यासाठी घेण्याइतका नाही.

चालकाच्या दाराजवळच्या खांबावरच्या स्टिकरवर अनेक पिकअपना हवेचे दोन दाब दिलेले असतात, रिकाम्या गाडीचा आणि भरलेल्याचा. भरलेल्याचाच दाब कायम ठेवला तर टायर मध्ये झिजतो आणि रिकामी गाडी जास्त उडते. रिकाम्याच्या दाबावर ओझं लादलं तर टायर तापतो. दाब टायर गार असतानाच तपासा.

आकडे वाचताना

अमेरिकी गॅलनचे मैल असतील तर ०.४२५ने गुणा, ब्रिटिश गॅलनचे असतील तर ०.३५४ने. त्यामुळे ३० मैल म्हणजे एकीकडे १२.८ किलोमीटर आणि दुसरीकडे १०.६. वेगवेगळ्या देशांच्या चाचण्याही वेगळ्या असतात. दोन गाड्यांची तुलना एकाच चाचणीतल्या आकड्यांवर करा.

आणि तुलना लिटरला किती किलोमीटर अशी न करता वर्षाला किती लिटर अशी करा. वर्षाला १५,००० किलोमीटर धरले तर ८ वरून १०वर गेल्याने ३७५ लिटर वाचतात. १४ वरून १६वर गेल्याने वाचतात फक्त १३४. दोन्हीकडे फरक दोनाचाच, पण बचत जवळपास तिप्पट.

चालवून पाहताना आणि नंतर

गाडी रिकामी चालवून बघा, कारण तुम्ही ती तशीच चालवणार आहात. तुमच्याच पार्किंगमध्ये लावून बघा: मॅव्हरिक ५.०७ मीटर लांब आहे, डबल कॅब हायलक्स ५.३ मीटरच्या आसपास, डबल कॅब एफ-१५० सर्वांत छोट्या हौद्यासह जवळजवळ ५.९ मीटर. मागच्या सीटवर स्वतः बसा. अनेक पिकअपमध्ये पाठ इतकी सरळ असते की तासाभरात कंबर बोलायला लागते. जुनी गाडी घेत असाल तर हौद्याचं अस्तर उचलून पत्रा बघा, चेसीला मागच्या बाजूने टोकदार काहीतरी लावून गंज तपासा, आणि गाडी सपाट जागी उभी करून मागून पाहा. रिकामी असूनही एका बाजूला झुकलेली असेल तर पाटे थकलेत.

ॲव्हरेज टाकी फुल टू फुल पद्धतीने मोजा: त्याच पंपावर, नोझल पहिल्यांदा आपोआप थांबेपर्यंत, आणि निदान तीन टाक्यांची सरासरी. एका टाकीचा आकडा फसवा असतो. टायरचा आकार बदलला असेल तर किलोमीटरही चुकतात: २६५/६५ आर १७ऐवजी २६५/७० आर १७ घातले की चाक ३.४ टक्क्यांनी मोठं होतं, मीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी १०३.४ धावलेली असते. ॲव्हरेज पडलं असं वाटतं, प्रत्यक्षात तितकं पडलेलं नसतं.

खरंच पडलं असेल तर याच क्रमाने बघा: टायरमधली हवा, मग हौद्यात विसरलेलं ओझं (४५ किलोंमागे साधारण १ टक्का इंधन जातं, गाडी जड असेल तर थोडं कमी), मग अलाइनमेंट, मग एअर फिल्टर. त्यानंतर फार ब्रेक न लावता दहा किलोमीटर चालवून चारही रिमांजवळ हात नेऊन बघा. एकच चाक इतरांपेक्षा स्पष्ट गरम लागलं तर तिथला ब्रेक अडकतोय. डिझेल असेल तर डीपीएफ किती किलोमीटरांनी जळतोय हे स्कॅनरवर काढून घ्या. हे अंतर दर महिन्याला कमी होत चाललं असेल तर इंजेक्टर, टर्बो किंवा ईजीआरमध्ये (थोडा धूर पुन्हा इंजिनात फिरवणाऱ्या यंत्रणेत) बिघाड सुरू झालेला असतो, आणि नुसती जाळी साफ करून तो जात नाही.