जपानची भांडी बघायला निघताय? या चुका टाळा

टोकियो, क्योटो, ओसाका ठरलं की बरेच जण मधल्या एका रकान्यात 'पॉटरी, एक दिवस' असं लिहून मोकळे होतात. घोटाळा तिथेच सुरू होतो. सेतो, तोकोनामे, एचिझेन, शिगाराकी, ताम्बा आणि बिझेन ही भट्ट्यांची सहा जुनी गावं. शिवाय पोर्सिलीनचं, म्हणजे पांढऱ्या चिनी मातीच्या भांड्यांचं आरिता पार क्युशू बेटावर. अष्टविनायक दीड दिवसात उरकावेत तशी ही गावं उरकता येत नाहीत. एखादी माती निवडा आणि तिच्याच गावी दोन दिवस राहा.

माझं मत विचाराल तर बिझेन. ओकायामाहून लोकल गाडीने साधारण चाळीस मिनिटांत बिझेनचं इम्बे स्टेशन येतं, आणि स्टेशनातून बाहेर पडलं की भांड्यांचीच दुकानं. इथल्या भांड्यांना ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप नसतो. लाल पाइनची लाकडं घालत भट्टी दहा दिवस ते दोन आठवडे पेटती ठेवतात. उडालेली राख भांड्यावर बसून वितळते आणि बारीक ठिपके उठतात. त्यांना म्हणतात 'गोमा', म्हणजे तीळ. भाताचा पेंढा गुंडाळून भाजलेल्या भांड्यावर लालसर रेघा उमटतात, ती 'हिदासुकी'. हे कळल्यावर दोन सारखे दिसणारे पेले शेजारी ठेवून बघा, अर्धा तास सहज जातो.

सोमवारी जाऊ नका. बहुतेक संग्रहालयं त्या दिवशी बंद असतात, आणि सोमवारी सरकारी सुट्टी आली तर अनेकदा सोमवारी उघडी राहून मंगळवारी बंद. मी एकदा असाच मंगळवारी बंद दारासमोर उभा राहून डबा खाल्लाय. आरिताची मोठी जत्रा २९ एप्रिल ते ५ मे अशी ठरलेली असते. स्वस्तात किंचित सदोष माल घ्यायचा असेल तर जरूर जा, पण राहायची सोय खूप आधी करा. कारागिराला काम करताना बघायचं असेल तर तो आठवडा टाळलेलाच बरा. तेव्हा सगळे स्टॉलवर असतात.

जेआर पास, म्हणजे जपान रेल्वेच्या गाड्यांचा पर्यटकांसाठीचा पास, डोळे झाकून घेऊ नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा साधा पास २९,६५० वरून ५०,००० येनवर गेला. त्यातही शिगाराकीला जाणारी छोटी गाडी आणि नागोयाहून तोकोनामेला जाणारी मेइतेत्सू या खासगी कंपनीची गाडी, दोन्ही जेआरच्या नाहीत. तिकीट वेगळं काढावं लागतं.

तिथल्या एखाद्या कार्यशाळेत कुंभाराच्या चाकावर स्वतः केलेला कप त्याच संध्याकाळी बॅगेत घालता येत नाही. वाळवणं, पहिली भाजणी, ग्लेझ, पुन्हा भाजणी, यात महिना-दोन महिने जातात. परदेशात पाठवता का, हे पैसे भरायच्या आधी विचारा.

दुकानात भांडं उचलण्याआधी 'सावात्ते मो ई देस का?' म्हणजे 'हात लावू का?' असं विचारा. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढा. दोन्ही हातांनी, टेबलाच्या जवळच धरा आणि बूड बघा. तिथे सहसा ग्लेझ नसतं, खरी माती दिसते. अर्धा डझन मागाल तर अडचण होईल, कारण तिथे सेट पाचाचा असतो. चारचा सहसा टाळतात. 'चार' आणि 'मृत्यू' या दोन्हींचा एक उच्चार 'शि' असाच आहे. सहावा सुटा मिळाला तर नशीब.

शेवटची चूक माझी स्वतःची. यामागुची प्रांतातल्या हागी गावचा (हसून घ्या एकदा) चहाचा कप आणला. हागीची माती सच्छिद्र असते आणि ग्लेझला बारीक भेगा असतात. चहा मुरत मुरत कपाचा रंग वर्षानुवर्षं बदलत जातो, आणि शौकीन लोक त्याचीच वाट बघतात. असा कप वापरण्याआधी दर वेळी पाण्यात भिजवायचा असतो, म्हणजे डाग कमी मुरतात. दुकानातल्या बाईंनी खुणा करून सांगितलंही होतं. घरी आल्यावर सर्दी झाली, आणि आईने त्याच कोरड्या कपात हळदीचं दूध दिलं.

आता भेगाभेगांतून पिवळी जाळी दिसते. चहा त्यात कोणी घेत नाही. सर्दी झाली की तोच कप निघतो.