विद्यार्थ्यांना माहितीची पारख शिकवताना या चुका टाळा

‘अमुक विषयावर माहिती गोळा करून आणा’ असे सांगून विद्यार्थ्यांना मोकळे सोडणे, ही पहिली आणि पुढच्या बऱ्याच चुकांना जन्म देणारी चूक आहे. ‘प्रदूषण’ हा एवढाच शब्द शोधयंत्रात टाकून वरचे दोन-तीन दुवे उघडले आणि त्यांतले परिच्छेद वहीत उतरवले, यात विद्यार्थ्याच्या आळसापेक्षा गृहपाठाचा दोष अधिक असतो. कारण मुळात प्रश्नच दिलेला नसेल, तर कोणती माहिती ठेवायची आणि कोणती सोडायची हे त्याने ठरवावे कशाच्या आधारावर? ‘वाहनांच्या धुराचा लहान मुलांच्या फुप्फुसांवर काय परिणाम होतो?’ असा नेमका प्रश्न आणि त्यासाठी वापरायचे पर्यायी शोधशब्द आधी कागदावर लिहून घ्यावेत आणि मगच संगणक उघडू द्यावा. सगळ्या वह्यांत एकच परिच्छेद सापडत असेल, तर रागावण्यापूर्वी प्रश्न बदलून पाहावा.

दुसरी चूक अधिक खोलवर रुजलेली आहे, कारण ती चांगल्या हेतूने केली जाते. माहिती ताजी आहे का, विषयाशी संबंधित आहे का, लेखक अधिकारी आहे का, मजकूर अचूक आहे का आणि तो कोणत्या हेतूने लिहिला आहे, अशा पाच निकषांची एक यादी 2004 साली कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या चिको येथील ग्रंथालयात तयार झाली आणि पुढे असंख्य वर्गांत पोहोचली. निकष वाईट नाहीत. अडचण अशी, की विद्यार्थी त्यांची उत्तरे ज्या पानाची पारख करायची त्याच पानावर शोधतात, म्हणजे संशयितालाच त्याच्या चारित्र्याचा दाखला मागतात. ‘आमच्याविषयी’ या पानावर कोणीही काहीही लिहू शकतो आणि ‘डॉट ऑर्ग’ने संपणारा पत्ता कोणालाही विकत घेता येतो. 1998 पासून इंटरनेटवर असलेले, झाडावर राहणाऱ्या ऑक्टोपसचे विनोदी संकेतस्थळ या दृष्टीने वर्गात दाखवण्यासारखे आहे: छायाचित्रे, प्राण्याचे शास्त्रीय नाव, संवर्धनाचे आवाहन असे सगळे तिथे आहे, फक्त तो प्राणी अस्तित्वात नाही.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी 2017 मध्ये मांडलेल्या अभ्यासात इतिहासाचे अभ्यासक, पदवीचे विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यपडताळणी करणारे एकाच प्रकारची संकेतस्थळे कशी तपासतात, हे पाहिले गेले. पडताळणी करणारे अनोळखी पान फार न वाचताच नवे टॅब उघडून त्या संस्थेविषयी इतर काय म्हणतात ते पाहत आणि लवकर योग्य निष्कर्षावर येत. डॉक्टरेट मिळवलेले अभ्यासक मात्र पान बारकाईने वाचत बसले आणि त्यांतले अनेक जण फसले. बारकाईने वाचणे हा सद्गुण मानणाऱ्या आपणा शिक्षकांना हे पचायला जड जाते, पण शिकवायचे ते नेमके हेच: आधी पानाबाहेर पडा, मग ठरवा की हे पान वाचण्याच्या लायकीचे आहे का.

विकिपीडियावर सरसकट बंदी घालण्यातूनही काही साधत नाही; विद्यार्थी ते वाचतातच, फक्त सांगत नाहीत. लेखाच्या तळाशी असलेल्या संदर्भांपर्यंत जायला आणि ‘चर्चा’ पानावरील वाद वाचायला शिकवणे अधिक उपयोगाचे ठरते.

‘प्रतिष्ठित नियतकालिकात छापून आले म्हणजे खरे’ हा नियमही अपुरा आहे. एमएमआर (गोवर, गालगुंड आणि रुबेला यांवरची) लस आणि स्वमग्नता (ऑटिझम) यांचा संबंध सुचवणारा अँड्र्यू वेकफील्ड यांचा शोधनिबंध ‘द लॅन्सेट’मध्ये 1998 साली प्रसिद्ध झाला आणि 2010 मध्ये नियतकालिकाने तो मागे घेतला. निबंध पुढे मागे घेतला गेला का, हे पाहण्याची सवय लावली नाही, तर लेखक आणि नियतकालिक तपासणारा विद्यार्थीही इथे चुकेल. मात्र अशी उदाहरणे लागोपाठ देत राहिल्यास विद्यार्थी ‘कशावरच विश्वास ठेवता येत नाही’ या टोकाला जातात आणि मग चांगला स्रोतही त्यांना वाईटाइतकाच संशयास्पद वाटतो. म्हणून तपासायला दिलेल्या स्रोतांत भरवशाचे स्रोतही पुरेसे असावेत आणि त्यांवर विश्वास का ठेवायचा, तेही विद्यार्थ्याकडून वदवून घ्यावे.

वापराच्या बाबतीत केवळ ‘नक्कल करू नका’ असे बजावून भागत नाही. शब्द बदलले की मजकूर आपला झाला, अशी अनेकांची प्रामाणिक समजूत असते. उतारा वाचून बाजूला ठेवायचा, आठवेल ते स्वतःच्या वाक्यांत लिहायचे, मूळ मजकुराशी ताडून पाहायचे आणि विचार ज्याचा त्याचे नाव द्यायचे, हा क्रम वर्गातच करून घ्यावा.

कृत्रिम बुद्धिमत्तेने पुरवलेले संदर्भ वेगळ्याने तपासावे लागतात. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या एका खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे न्यायालयापुढे ठेवले आणि त्यांना 5000 डॉलरचा दंड झाला. विद्यार्थ्याने दिलेल्या संदर्भांपैकी कोणतेही दोन त्याला समोर उघडून दाखवायला सांगावेत. शोधाची नोंदवही, म्हणजे कोणते शब्द वापरले, कोणते स्रोत नाकारले आणि का, यालाही अंतिम लेखाबरोबर गुण ठेवावेत.