ओसाका पायी बघायचं असेल तर आधी ‘सुजी’ ओळखा

लेकीकडे ओसाकाला आम्ही दोघं अडीच महिने राहिलो. ती आणि जावई सकाळी कामाला गेले की दिवस आमचा. नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात नकाशे काढण्यात माझी 31 वर्षं गेली, त्यामुळे नव्या गावात पाऊल टाकलं की माझी नजर आधी रस्त्यांवर जाते. तरीही पहिले आठ दिवस आम्ही सगळे करतात तेच केलं. मोबाइलवर ठिकाण टाकायचं, मेट्रोत बसायचं, वर यायचं, फोटो काढायचा, पुन्हा खाली. शहर काही हाती लागेना. नवव्या दिवशी मी वहीत चार उभ्या आणि चार आडव्या रेघा मारल्या आणि तिथून पुढे ओसाका उलगडत गेलं. तुम्ही जाणार असाल तर ती वही आधीच घेऊन जा.

जपानमध्ये पत्ता रस्त्यावरून सांगत नाहीत, वस्तीच्या तुकड्यावरून सांगतात. आधी भाग, मग चोमे (म्हणजे भागाचा आकडा दिलेला हिस्सा), मग तुकड्याचा नंबर, मग इमारतीचा. कित्येक गावांत रस्त्यांना नावंच नसतात. ओसाकाच्या जुन्या भागात मात्र रस्त्यांना ठसठशीत नावं आहेत आणि त्यांत एक शिस्त आहे: उत्तर-दक्षिण जाणारा रस्ता ‘सुजी’, पूर्व-पश्चिम जाणारा ‘तोरी’ किंवा ‘दोरी’. मिदोसुजी, साकाइसुजी, तानिमाचिसुजी हे उभे. नागाहोरी-दोरी आडवा. नाव ऐकलं की दिशा कळते. सुजी या शब्दाचा मूळ अर्थ शीर, स्नायू, रेघ असा आहे. लेकीने हे सांगितलं तेव्हा मला फार आवडलं, कारण नकाशावर त्या शिरांसारख्याच दिसतात.

जपानचा तेव्हाचा सत्ताधीश टोयोटोमी हिदेयोशी याने 1583 मध्ये इथे किल्ला बांधायला घेतला आणि त्याच्या पश्चिमेला सेन्बा ही व्यापारी पेठ चौकटीत आखली गेली. त्या काळात मान तोरीला होता. दुकानांची तोंडं तोरीवर, कारण ती किल्ल्याकडे जायची. सुजी म्हणजे बाजूच्या अरुंद गल्ल्या. आज चित्र बरोब्बर उलटं आहे, आणि ते कसं झालं हे बघायला मिदोसुजीवर चालायलाच हवं.

आणखी एक खूण. मिदोसुजीवर गाड्या फक्त दक्षिणेकडे जातात. तिच्या पूर्वेची साकाइसुजी आणि पश्चिमेची योत्सुबाशीसुजी या दोन्हींवर उत्तरेकडे. उमेदाच्या भुयारी बाजारात आम्ही पाऊण तास हरवलो होतो. ओसाका, उमेदा, हिगाशी-उमेदा, निशी-उमेदा अशी स्टेशनं जमिनीखाली एकमेकांना जोडलेली, पाट्या भरपूर आणि फोनवरचा निळा ठिपका जागच्या जागी थरथरणारा. हिचे गुडघे बोलायला लागले. अशा वेळी खाली रस्ता शोधत बसू नका. दिसेल त्या जिन्याने वर या, मोठा रस्ता गाठा आणि गाड्या कुठे तोंड करून जाताहेत ते बघा. रुंद रस्ता, पिवळी-हिरवी गिंकोची झाडं आणि सगळ्या गाड्या एकाच दिशेला: ती मिदोसुजी, आणि ती दिशा दक्षिण.

मिदोसुजीला एक सबंध दिवस द्या. उमेदापासून नांबापर्यंत साधारण 4 किलोमीटर, सपाट, चढ नाही. सकाळी नऊला निघा आणि उत्तरेकडून दक्षिणेकडे, गाड्यांच्या सोबतीने चला. हा रस्ता पूर्वी जेमतेम 6 मीटर रुंद होता. महापौर सेकी हाजिमे यांनी तो 44 मीटर करायचं ठरवलं. शहराच्या मध्यात विमानतळ बांधता की काय, असं तेव्हा लोकांनी विचारल्याचं सांगतात. काम 1937 मध्ये पुरं झालं, पण सेकी 1935 मध्येच वारले होते. रुंदीकरणाचे नकाशे मी स्वतः काढले आहेत. सहा मीटरच्या गल्लीचे चव्वेचाळीस करायला किती घरांवर रेघ मारावी लागली असेल हे मला कळतं, म्हणून योदोयाबाशीच्या पुलावर मी बराच वेळ नुसता उभा राहिलो.

त्याच पुलावरून डावीकडे वळा. दोन नद्यांच्या मधलं हे नाकानोशिमा बेट. इथला लाल विटांचा सार्वजनिक सभागृहाचा वाडा 1918 चा. शेअर दलाल इवामोतो एइनोसुके याने त्यासाठी 10 लाख येन दिले होते. पुढे बाजारात तो बुडाला आणि इमारत पुरी व्हायच्या आधीच, 1916 मध्ये, त्याने जीव दिला. दिलेली देणगी मात्र परत मागितली नाही. ओसाकात व्यापाऱ्यांनी शहर बांधलं असं म्हणतात ते नुसतं बोलणं नाही. एदो काळात (1603 ते 1868) इथल्या दोनेकशे पुलांपैकी सरकारी फक्त 12 होते, बाकीचे लोकांनी आपल्या पैशाने बांधले आणि राखले. योदोयाबाशी म्हणजे योदोया या व्यापारी घराण्याचा पूल. स्टेशनांच्या नावांत ‘बाशी’ ऐकलं की तिथे पूल आहे किंवा होता असं समजा.

परत मिदोसुजीवर या. होनमाचीच्या अलीकडे उजव्या हाताला किता मिदो आणि थोडं पुढे मिनामी मिदो ही दोन बौद्ध मंदिरं लागतात, त्यांच्यावरूनच रस्त्याचं नाव पडलं. मिनामी मिदोसमोर रस्त्याच्या कडेलाच, झाडांखाली एक साधा दगड आहे. बाशो, हायकूचा महाकवी, 1694 मध्ये या परिसरात वारला असं त्यावर कोरलंय. शेजारून बस जाते, ऑफिसची माणसं जातात. आम्ही दगड दोनदा ओलांडून गेलो तेव्हा कुठे दिसला, म्हणून मंदिराच्या दरवाज्यासमोर आल्यावर पाय सावकाश टाका. याच टप्प्यात फुटपाथवर रोदँ, हेन्री मूर यांची शिल्पं आहेत, तीही नुसती उभी, कुंपण नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी गेलात तर गिंकोचा सोनेरी रंग मिळेल. आम्हाला मिळाला. हिने ती पानं गोळा करून वहीत ठेवली.

पावसाचा दिवस असेल तर तेंजिनबाशीसुजी. छताखालचा बाजार, लांबी 2.6 किलोमीटर, सुमारे 600 दुकानं. जपानमधला सगळ्यात लांब बाजार म्हणून तो ओळखला जातो, पण माझ्या लेखी त्याची खरी किंमत अशी की तो परदेशी पाहुण्यांसाठी सजवलेला नाही. मोजे, औषधं, चहा, जुनी पुस्तकं, चष्मे, सुऱ्या. लोक भाजी घ्यायला येतात. इथलं स्टेशन तेंजिनबाशीसुजी 6-चोमे, सगळे त्याला ‘तेनरोकू’ म्हणतात. तिथेच उतरा आणि दक्षिणेकडे चालत या, म्हणजे चोमेचे आकडे सहा, पाच, चार असे उतरत जातात आणि किती उरलं ते कळतं. निघण्याआधी स्टेशनवरच्या इमारतीत ओसाकाचं घरं आणि राहणीमानाचं संग्रहालय बघून घ्या. नवव्या मजल्यावर 1830 च्या सुमाराची ओसाकातली गल्ली खऱ्या मापात उभी केली आहे, आत दिवस मावळतो आणि पुन्हा उजाडतो. मंगळवारी बंद.

बाजारात दुकानं दहा-अकराला उघडतात, त्याआधी पोचू नका. बसायला जागा कमी. आम्ही मध्येच ओगिमाची पार्कात डबा खाल्ला. 2-चोमेला आलात की आडव्या गल्लीने तेनमानगू या देवळाकडे वळा. हे विद्येच्या दैवताचं, 949 सालचं. परीक्षेआधी मुलं येतात. जुलैच्या 24-25 ला इथला तेंजिन उत्सव असतो. देवळालगत हांजोतेई हे राकुगोचं थिएटर आहे. राकुगो म्हणजे उशीवर बसून, हातात पंखा आणि रुमाल घेऊन एकट्याने सांगितलेली गोष्ट. भाषा कळली नाही तरी बाहेरच्या कंदिलांखाली थांबून बघा.

मिनामी, म्हणजे दक्षिणेचा गजबजलेला भाग, संध्याकाळी चारनंतर. शिनसाइबाशीसुजीच्या छताखालून चालत आलं की गर्दीच तुम्हाला एबिसुबाशी पुलावर सोडते आणि समोर दोतोनबोरीचा कालवा. 1612 मध्ये यासुइ दोतोन नावाच्या माणसाने तो खणायला घेतला, लढाईत तो मेला, 1615 मध्ये कालवा पुरा झाला आणि नाव त्याचं लागलं. ग्लिको या खाऊच्या कंपनीच्या दिव्यांच्या जाहिरातीतला धावणारा माणूस इथे पहिल्यांदा 1935 मध्ये उभा राहिला, आताचा सहावा, 2014 चा. फोटो पुलावरून काढू नका, धक्के बसतात. पायऱ्या उतरून पाण्याकाठच्या फळ्यांवर जा, तिथून प्रतिबिंबासकट मिळतो.

खाण्याचं सांगतो, कारण आपल्याकडची निम्मी माणसं इथेच अडतात. ताकोयाकी करताना बघणं हा इथला मोठा आनंद आहे. आप्पेपात्रासारखाच लोखंडी साचा, पण खळ्या शेकडो. पातळ पीठ खळ्या बुडवून वरून वाहेपर्यंत ओततात. त्यावर ऑक्टोपसचे तुकडे, लाल आलं, कांद्याची पात. मग तो पोरगा दोन्ही हातांत टोकदार सळया घेऊन खळ्यांमधलं पीठ रेघा मारल्यासारखं कापतो, कडा आत ढकलतो आणि मनगटाच्या एका झटक्यात गोळा उलटा. ही आयुष्यभर आप्पे करत आली, ती तिथून हलेना. आठ नगांना 500 ते 700 येन पडतात. आतून ते उकळतं असतं, पहिला घास फोडून थांबा. स्टॉलजवळच उभं राहून खा. कचऱ्याचा डबा तिथेच असतो, पुढे रस्त्यावर मिळत नाही.

शाकाहारी असाल तर लक्षात ठेवा: मांस-मासे नको म्हटलं तरी पिठात, सुपात, सॉसमध्ये ‘दाशी’ असते, म्हणजे बहुधा माशाचं पाणी. ती चालत नसेल तर डबा बरोबर घ्या किंवा भारतीय हॉटेल आधी हेरून ठेवा. आम्ही डबा नेत होतो.

दोतोनबोरीच्या झगमगाटाचा कंटाळा अर्ध्या तासात येतो. येऊ द्या. मागच्या बाजूला दोन पावलांवर होझेनजी योकोचो ही दगडी फरशीची गल्ली आहे, जेमतेम 80 मीटर. आत मिझुकाके फुदो. फुदो हा उग्र देव, हातात तलवार, पण इथे त्याचा चेहराच दिसत नाही. लोक येतात, पळीने पाणी घेतात, मूर्तीवर टाकतात, हात जोडतात. वर्षानुवर्षांच्या त्या पाण्याने अंगभर शेवाळ चढलंय, जाड, हिरवंगार, गोधडीसारखं. 1945 च्या बॉम्बफेकीत देऊळ जळालं, मूर्ती वाचली. स्वयंपाकघरातून थेट आलेला एक आचारी एप्रनसकट पाणी घालून पाच सेकंदांत परत गेला. तुम्हीही पाणी घाला, पण हळू. शेवाळाला हात लावू नका.

उजेड असेल तर जवळच दोगुयासुजी बघा, 150 मीटरची गल्ली आणि सगळी हॉटेलवाल्यांच्या भांड्यांची दुकानं. ताकोयाकीचा साचा आम्ही इथूनच घेतला. कुरोमोन बाजार दर्शनी झालाय, भाव चढे आहेत. वेळ कमी असेल तर मी तो सोडेन.

किरकोळ पण रोजच्या गोष्टी. सरकत्या जिन्यावर ओसाकात उजवीकडे उभे राहतात, टोकियोच्या उलट. फुटपाथवर सायकली जोरात येतात, तेव्हा सरळ रेषेत चाला, अचानक वळू नका. 2025 च्या जानेवारीपासून शहरभर रस्त्यावर धूम्रपानाला बंदी आहे. स्वच्छतागृह हवं तर मेट्रो स्टेशन गाठा. मेट्रोचा दिवसभराचा पास मिळतो, सुट्टीच्या दिवशी तो स्वस्त. पण माझ्या पद्धतीने फिरलात तर दिवसाला दोनच प्रवास होतात, तेव्हा आधी हिशेब करा.

राहिलं शिनसेकाई. दोबुत्सुएन-माए स्टेशनवरून जानजान योकोचोत शिरा. शामिसेन या तीन तारांच्या वाद्याच्या आवाजावरून गल्लीचं हे नाव पडलं. काचेमागे म्हातारी माणसं शोगी, म्हणजे जपानी बुद्धिबळ, खेळत असतात, त्यांच्याशी बोलायला जाऊ नका, बाहेरून बघा. शिनसेकाई म्हणजे नवं जग. 1912 मध्ये ते अर्धं पॅरिससारखं, अर्धं न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडसारखं आखलं होतं. तेव्हाचा त्सुतेनकाकू मनोरा 1943 च्या आगीनंतर लोखंडासाठी मोडला. आताचा 1956 चा, आराखडा नाइतो ताचू यांचा, ज्यांनी दोन वर्षांनी उभा राहिलेला टोकियो टॉवरही आखला. कुशीकात्सूच्या, म्हणजे काडीला टोचून तळलेल्या पदार्थांच्या, दुकानांत सॉसचं सामाईक भांडं असेल तर काडी एकदाच बुडवायची, उष्टी परत नाही. आपल्याला हे सांगावं लागत नाही.

अंधार पडला की मनोऱ्याच्या टोकावरचा दिवा बघा. तो उद्याचं हवामान सांगतो: पांढरा म्हणजे ऊन, नारिंगी म्हणजे ढग, निळा म्हणजे पाऊस. आम्हाला हे शेवटच्या आठवड्यात कळलं. तुम्ही शिनसेकाई पहिल्याच संध्याकाळी ठेवा. दिवा निळा दिसला तर सकाळी तेनरोकूला उतरा, पांढरा दिसला तर उमेदाला.