आखातात नोकरीला निघण्याआधी पासपोर्टवरचा ‘ईसीआर’ शिक्का तपासा

व्हिसा हातात, तिकीट काढलेलं, आणि मुंबई विमानतळावर इमिग्रेशनच्या खिडकीवरून माणूस परत. अनेकदा कारण हेच: पासपोर्टवर ‘एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’ (ईसीआर) छापलेलं, पण क्लिअरन्स, म्हणजे नोकरीसाठी परदेशी जाण्याची सरकारी मंजुरी, घेतलेला नाही. हा शेरा नसेल तर तुम्ही ‘नॉन-ईसीआर’; वेगळा शिक्का शोधत बसू नका.

सौदी, कुवेत, ओमान, कतार, यूएई, बहारीन, मलेशिया धरून 18 देशांत नोकरीसाठी ईसीआर पासपोर्टवर जायचं तर सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरून क्लिअरन्स लागतो. त्याबरोबर प्रवासी भारतीय विमा योजनेची 10 लाखांची पॉलिसीही घ्यावीच लागते.

दहावी पास असाल तर आधी शेराच काढून घ्या. पासपोर्ट सेवा केंद्रात ‘री-इश्यू’चा अर्ज करा, सोबत दहावीचं मूळ प्रमाणपत्र न्या. प्राप्तिकर भरणाऱ्यांना आणि पन्नाशी ओलांडलेल्यांनाही ही सवलत आहे. मात्र हे काम व्हिसा निघण्याआधीच उरका. नव्या पासपोर्टचा नंबर बदलतो, आणि जुन्या नंबरवर निघालेला नोकरीचा व्हिसा मग दुरुस्त करत बसावा लागतो. दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव जुळतंय ना, तेही पाहा. अर्ज तिथेच अडकतात.

एजंट म्हणेल, ‘व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे बदलून घेऊ.’ अजिबात ऐकू नका. पगार थकला किंवा मालकाने पासपोर्ट अडकवला, तर तुमचा करार सरकारदरबारी कुठेच नोंदलेला नसतो. एजंटचा परवाना क्रमांक ई-मायग्रेटवर स्वतः तपासा. त्याचं शुल्क कायद्याने जास्तीत जास्त 30,000 रुपये अधिक जीएसटी, पावती मागाच.