गुलमर्गला स्कीला निघालात? या चुका टाळा

डिसेंबरची तिकिटं काढून झाल्यावर "बर्फ असेल ना हो?" असं विचारणारे दर वर्षी भेटतात. तिथला बर्फ पश्चिमी विक्षोभांवर, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या हिवाळी वादळांवर अवलंबून असतो, तुमच्या रजेवर नाही. जानेवारी २०२४ मध्ये ऐन चिल्ले कलानात, म्हणजे काश्मिरातल्या कडाक्याच्या थंडीच्या चाळीस दिवसांत, कितीतरी दिवस उतारांवर गवत दिसत होतं. फेब्रुवारी धरा आणि तारीख बदलता येईल असंच तिकीट काढा.

माझं डोकं खरं फिरतं ते "आज आकाश निरभ्र आहे, चला वर!" ऐकून. दोन-तीन दिवस बर्फ पडून ऊन पडलं, की तो दिवस सगळ्यात देखणा आणि सगळ्यात धोक्याचाही. ताज्या थराने खालचा थर धरलेला नसतो. त्यातच वाऱ्याने उडवलेला बर्फ आडोशाच्या उतारावर लादीसारखा थापला जातो. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर ही लादी एका माणसाच्या भारानेही सुटून हिमस्खलन होऊ शकतं.

अशाच एका सकाळी गुलमर्गच्या वरच्या अफरवट डोंगरावर पुण्याचा एक मुलगा सुरक्षित हद्दीची दोरी ओलांडायला निघाला. बीकन (बर्फात गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं रेडिओ यंत्र) भाड्याने आणलेलं, पण बंद करून पिशवीत. अडवलं तर म्हणतो, "अहो काका, तिथून आधीच लोक गेलेत की!" गेले असतील. लादी पहिल्याखाली सुटेल की पाचव्याखाली, ते त्यांच्या स्कीच्या खुणा सांगत नाहीत. गाइडने वाद न घालता त्याच्या स्की काढून घेतल्या. दुपारी शेजारचा उतार सुटला आणि तिथल्या खुणा ढिगाऱ्याखाली गेल्या. त्यानंतर साहेबांनी निमूटपणे बीकन अंगावर चढवलं.

मी हॉटेलच्या दारातच बीकन चालू करून जॅकेटच्या आत बांधतो. प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाकडे हवं. गाडला गेलेला माणूस वाचण्याची शक्यता दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते, तेवढ्यात खालून मदत पोहोचत नाही. गोंडोलाचा, म्हणजे वर नेणाऱ्या केबल कारचा, दुसरा टप्पा बंद असेल, तर तिकीट खिडकीवरच्या माणसाशी हुज्जत घालू नका.

फोनवरचं तापमान गावाचं, म्हणजे साधारण २६५० मीटरचं. गोंडोला जातो जवळजवळ ३९५० पर्यंत. तिथे सात-आठ अंश कमी धरा, वारा वेगळाच.

सुती मोजे नकोत.

मार्चमध्ये दुपारनंतर बर्फाचा चिखल होतो, तेव्हा सकाळीच उरका.

ढग उतरले, की उतार आणि आकाश एकच दिसायला लागतं. अशा वेळी गॉगलला पिवळी काच लावून खालच्या टप्प्यावर, झाडांच्या कडेने उतरा.